कारखाना चालू होता, मग रचना कशाला?

चिंचवड, रविवार

प्रिय मंजू,

तुझी मेल मिळाली. रेवाचा ताप उतरला आणि अमॉक्सिसिलिन पोटात गेल्या गेल्या तिनं तुझ्याशी वाद घालायला सुरुवात केली, हे वाचून जीव भांड्यात पडला. वादाचा मुद्दाही झकास आहे. तू तिला सांगत होतीस की हे औषध ज्या पेनिसिलिनपासून तयार होतं ते आजोबा पिंपरीच्या एचएमध्ये (हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये) टाक्या भरभरून बनवायचे, त्या पेनिसिलिनचं अमॉक्सिसिलिन करायला एका जिवाणूचं एन्झाइम कामी येतं, आणि त्या एन्झाइमची स्फटिकरचना तुमच्या शेजारी यॉर्कला उलगडली. त्यावर कन्यारत्नाचा सवाल : कारखाने जर आधीपासूनच ते एन्झाइम वापरत होते, तर मागाहून त्याची रचना काढून मिळालं काय? आणि तू शहाणी, ‘शुभामावशीला विचार’ म्हणून मोकळी झालीस!

बरं, मावशी उत्तर देते. पण ते दोन ओळींत मावणारं नाही. पुढच्या वेळी लंडनला जाशील तेव्हा गाडीत वाच.

आधी पेनिसिलिनचा रेणू डोळ्यांसमोर आण. मधोमध चार अणूंची चौकोनी कडी. तिला चिकटून पाच अणूंची दुसरी कडी, तिच्यात एक गंधकाचा अणू. आणि चौकोनी कडीच्या एका कोपऱ्याला लटकलेलं शेपूट. झाली ओळख. ही चौकोनी कडी खरोखर आहे की नाही यावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये चांगलीच जुंपली होती. चार अणूंची कडी म्हणजे सगळे बंध ताणलेले, कोन नको तितके वाकवलेले. असली अवघडलेली गोष्ट बुरशी बनवत असेल यावर रॉबर्ट रॉबिन्सनसारख्या दिग्गजाचा विश्वास बसेना. जॉन कॉर्नफर्थ तर म्हणाला म्हणे, की ही रचना खरी निघाली तर मी रसायनशास्त्र सोडून मशरूम पिकवायला लागेन. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिननं पेनिसिलिनच्या स्फटिकांवर एक्स-रे सोडून चौकोनी कडी सिद्ध करून दाखवली. कॉर्नफर्थनं मशरूम काही पिकवले नाहीत. उलट १९७५ मध्ये रसायनशास्त्राचंच नोबेल घेतलं. हॉजकिनला तिचं १९६४ मध्येच मिळालं होतं.

त्या ताणलेल्या कडीतच औषधाचा सगळा जीव आहे. जिवाणू आपली भिंत बांधताना जे एन्झाइम वापरतो, त्याला पेनिसिलिन हा भिंतीचाच एखादा तुकडा वाटतो. एन्झाइम त्याला धरायला जातं, कडी उघडते, आणि पेनिसिलिन तिथं कायमचं चिकटून बसतं. भिंतीचं काम ठप्प, जिवाणू फुटतो.

आता शेपटाकडे. पेनिसिलिन-जीचं शेपूट असतं फेनिल ॲसेटिक आम्लाचं. बुरशीला मोकळं सोडलं तर ती हाताला लागेल ते शेपूट लावते. टाकीत फेनिल ॲसेटिक आम्ल सोडत राहिलं, की मुकाट्यानं तेच लावते. काका, म्हणजे रेवाचे आजोबा, एचएमध्ये फर्मेंटेशनला होते, त्यांना विचार, ते आम्ल किती जपून, थोडं थोडं सोडावं लागतं ते. जास्त झालं तर बुरशीलाच बाधतं.

पण पेनिसिलिन-जी पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून ते टोचून घ्यावं लागतं, आणि काही जिवाणू ते फोडूनही टाकतात. यावर तोड एकच : कडी तीच ठेवायची आणि शेपूट बदलायचं. बीचम कंपनीच्या सरे परगण्यातल्या ब्रॉकहॅम पार्क प्रयोगशाळेनं १९५९ मध्ये बिनशेपटाचा गाभा वेगळा काढल्याचं जाहीर केलं. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, सगळे त्याला ६-एपीए म्हणतात. त्याला नवं शेपूट लावून १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन आलं, पुढं सत्तरच्या दशकात अमॉक्सिसिलिन. म्हणजे बघ, आधी आम्ल ओतून ओतून बुरशीकडून शेपूट लावून घ्यायचं आणि मग तेच खटपट करून काढायचं. हसू नकोस, जगात दरवर्षी हजारो टन ६-एपीए असंच बनतं.

काढायचं कसं, ही खरी मेख. शेपूट गाभ्याला जोडलेलं असतं अमाइड बंधानं. चौकोनी कडीतही तसलाच एक अमाइड बंध आहे. दोघांच्या मध्ये जेमतेम दोन कार्बन. आणि दोघांत दुबळा कोणता? अर्थातच ताणलेल्या कडीतला. पेनिसिलिन नुसतं अल्कलीत घातलंस तर कडी आधी फुटते, शेपूट जागच्या जागी राहतं आणि औषध वाया जातं. थोडक्यात मागणी अशी की बळकट बंध तोडा, पण शेजारच्या नाजूक बंधाला धक्का लावू नका.

रसायनशास्त्रज्ञांनी ही मागणीही पुरी केली म्हणा. पाण्याचा अंश नसलेलं डायक्लोरोमिथेन, उणे चाळीस अंशांच्या आसपास तापमान, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि अशीच आणखी चार तापट द्रव्यं. बरीच वर्षं चालली ती पद्धत, पण गारठ्याचा खर्च, द्रावकाचा खर्च आणि वर विल्हेवाटीची डोकेदुखी. इ. कोलाय या जिवाणूचं पेनिसिलिन ॲसायलेझ हेच काम साध्या पाण्यात, कोमट तापमानाला करतं. सत्तरच्या दशकापासून ते कारखान्यांत शिरलं आणि हळूहळू त्यानं जुन्या पद्धतीला हुसकावून लावलं.

एम.एस्सी.च्या मुलांना हे मी प्रॅक्टिकलला दाखवते. बीकरमध्ये पेनिसिलिन-जीचं द्रावण, खाली स्टरर, वर पीएच मीटरचं इलेक्ट्रोड. पीएच आठवर आणायचा आणि एन्झाइम बसवलेले रेझिनचे बारीक मणी आत सोडायचे. थोड्याच वेळात आकडा घसरायला लागतो : ७.९८, ७.९५, ७.९१. कारण सुटलेलं प्रत्येक शेपूट म्हणजे आम्लाचा एक रेणू. ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत आकडा परत आठवर आणत राहायचं. जितकं अल्कली खर्ची पडलं तितकी शेपटं तुटली, हिशेब सरळ. मध्येच थोडं द्रावण बाजूला काढून त्यात पीडीएबी नावाचं रसायन घातलं, की परीक्षानळी पिवळीजर्द होते. तो रंग पेनिसिलिन देत नाही, सुटा झालेला गाभाच देतो. इतका वेळ जांभया देणारी पोरं त्या क्षणी मोबाइल काढतात. शेवटी मणी गाळून घ्यायचे (ते पुन्हा वापरता येतात, कारखान्याचा सगळा फायदा त्यातच आहे), आम्ल घालून पीएच चारच्या जवळ आणायचा, की ६-एपीए पांढरं होऊन तळाशी बसतं.

इथवर रेवाचा युक्तिवाद बिनतोड आहे. आकडा घसरतो, रंग येतो, माल तळाला बसतो. कारखानदाराला आणखी काय हवं?

पण याच पेनिसिलिनवर जिवाणूंचं आणखी एक एन्झाइम चालतं, आणि ते नेमका दुसरा बंध तोडतं. त्याचं नाव बीटा-लॅक्टमेझ. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पेनिसिलिन धड औषध म्हणून वापरात यायच्या आत, त्याची नोंद केली होती. ते चौकोनी कडी फोडतं आणि औषधाचं पाणी करतं. तुमच्याकडचे डॉक्टर ‘अँटिबायोटिक उगाच देणार नाही’ म्हणून अडून बसतात ना, त्यामागं मोठा वाटा याचा आहे.

आणि आता गंमत. भिंत बांधणारं एन्झाइम, बहुतेक लॅक्टमेझं आणि आपलं ॲसायलेझ, या तिघांचं हत्यार एकच : सेरीन नावाचं एक साधं अमिनो आम्ल. तिघांचंही सेरीन पेनिसिलिनमधल्या कुठल्या तरी कार्बनवर चाल करतं आणि त्याला चिकटतं. पण पहिलं तिथंच अडकून निकामी होतं, दुसरं औषधाचा निकाल लावून मोकळं होतं आणि तिसरं शेपूट कापून कडी सहीसलामत सोडून देतं. हत्यार तेच, सावज तेच, मग निकाल तीन का? बीकरमधल्या आकड्याकडे जन्मभर बघत बसलीस तरी याचं उत्तर मिळणार नाही. त्यासाठी आत डोकवावं लागतं.

आत डोकावण्याच्या या विद्येत तुझ्या लीड्सचा मान मोठा आहे, ठाऊक आहे का? विल्यम हेन्री ब्रॅग लीड्स विद्यापीठात प्राध्यापक असताना १९१३ मध्ये त्यानं एक्स-रे स्पेक्ट्रोमीटर बांधला आणि मुलगा लॉरेन्सबरोबर मीठ, हिरा अशा स्फटिकांमधली अणूंची मांडणी शोधून काढली. दोन वर्षांत बापलेकांना मिळून नोबेल. पण मीठ आणि प्रोटीन यांत जमीनअस्मानाचा फरक. मिठाच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात मोजके अणू, या आपल्या एन्झाइमच्या एकेका रेणूत हजारो.

शिवाय मीठ आपणहून स्फटिक होतं, प्रोटीनच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. शुद्ध द्रावणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा अमोनियम सल्फेटसारखं काहीतरी मिसळायचं, त्याचा मायक्रोलिटर-दोन मायक्रोलिटरचा थेंब काचेच्या झाकणीला उलटा लटकवायचा आणि त्यातलं पाणी हळूहळू उडू द्यायचं. घाई झाली की नुसता गाळ. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली कडा लखलखणारा स्फटिक दिसतो. त्याच्यावर एक्स-रे सोडले की हजारो ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून मागं अणूंपर्यंत जाताना निम्मी माहिती हरवलेली असते. ती परत मिळवण्यासाठी स्फटिकात जड धातूंचे अणू शिरवून पुन्हा ठिपके घ्यावे लागतात. मग गणित, मग इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा, आणि त्या नकाशात अमिनो आम्लांची साखळी बसवत जायचं.

यॉर्कला हे काम गाय डॉडसन यांच्या गटानं केलं. हे गाय डॉडसन मूळचे न्यूझीलंडचे. ऑक्सफर्डला हॉजकिनच्या हाताखाली इन्सुलिनच्या रचनेवर त्यांनी काम केलं आणि १९७६ मध्ये ते यॉर्कला आले. त्यांची पत्नी एलिनॉर याच क्षेत्रातली. तिची गणितं आणि तिचे प्रोग्रॅम जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. हॉजकिननं पेनिसिलिन उलगडलं, आणि पन्नास वर्षांनी तिच्याच तालमीतल्या माणसानं त्याचं शेपूट कापणारं एन्झाइम! जानेवारी १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. रचनेचा बारकावा १.९ अँगस्ट्रॉमचा. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

आता रेवाला लॅपटॉप उघडायला सांग. प्रोटीन डेटा बँकेची साइट सगळ्यांना खुली आणि फुकट आहे. तिथं शोधायच्या चौकटीत एक हा आकडा आणि पुढं पी-एन-के ही अक्षरं टाकायची. पडद्यावर रिबिनींचा गुंता येईल, घाबरू नका. नीट बघितलं तर दोन साखळ्या आहेत. एक धाकटी, २०९ अमिनो आम्लांची, तिला ए म्हणतात. दुसरी थोरली, ५५७ ची, ती बी. एकमेकींत अशा गुंतल्यात की कुठली कुठं संपते ते रंग वेगळे केल्याशिवाय कळत नाही. अख्खा रेणू जेमतेम सात नॅनोमीटर लांब, आकारानं मूत्रपिंडासारखा, आणि एका अंगाला खोल खळगा. माउसनं फिरवत फिरवत त्या खळग्यात वरून बघा. तळाशी बी साखळीचं पहिलंच अमिनो आम्ल दिसेल. तेच आपलं सेरीन. त्याला लागून एक अरुंद कप्पा आहे, त्याच्या भिंती पाण्याशी फटकून वागणाऱ्या अमिनो आम्लांच्या, त्यांत फेनिलॲलॅनिनच जास्त. शेपटाच्या टोकाला असलेली बेंझिनची कडी या कप्प्यात चपखल बसते. त्याच कामात फेनिल ॲसेटिक आम्ल आत बसलेली रचनाही त्यांनी काढली होती, त्यामुळे हा अंदाज नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट.

आणि इथं कोडं सुटतं. आजीचा अडकित्ता आठव. सुपारी कुठं तुटणार हे पात्याची धार ठरवत नाही, खालच्या दांडीवर ती कशी ठेवली यावर ते ठरतं. तसंच हे. शेपटाचं टोक कप्प्यात रुतलं की त्याच्या अमाइड बंधातला कार्बन बरोबर सेरीनच्या पुढ्यात येतो. चौकोनी कडी वर काठाशी राहते, सेरीनपासून लांब. ती कितीही नाजूक असो, तिच्या वाटेला कुणी जातच नाही. लॅक्टमेझमध्ये बैठक उलटी : तिथं कडीतला कार्बन सेरीनसमोर येतो आणि शेपूट बाजूला राहतं. स्टॅफिलोकॉकसच्या लॅक्टमेझची रचना १९८७ मध्ये आली होती, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहता आलं. रसायनशास्त्रात बंध दुबळा की बळकट याला महत्त्व. इथं त्याच्याइतकंच महत्त्व बैठकीला. तोडायचं कौशल्य सेरीनचं, पण काय तोडायचं हा निर्णय त्या कप्प्याचा.

एक जुनी तक्रारही यातून उलगडली. पेनिसिलिन-व्ही म्हणून दुसरं एक पेनिसिलिन असतं, त्याच्या शेपटात एक ऑक्सिजन जास्त. तेवढ्या एका अणूपायी ते या कप्प्यात नीट बसत नाही आणि आपलं एन्झाइम तिथं कूर्मगतीनं चालतं. त्यासाठी वेगळं ॲसायलेझ लागतं. त्याच्याकडे मी येतेच, कारण ते आपल्या पुण्याचं प्रकरण आहे.

त्याआधी यॉर्कवाल्यांनाच चकित करून गेलेली गोष्ट सांगते. सेरीनच्या जिवावर चालणारी एन्झाइमं म्हटली की पाठ्यपुस्तकात कायमोट्रिप्सिन. त्यात सेरीन एकटं काम करत नाही. शेजारी हिस्टिडीन आणि त्यामागं ॲस्पार्टेट, असं त्रिकूट लागतं. हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन काढून घेतं, म्हणून सेरीनला चाल करता येते. सगळे पेनिसिलिन ॲसायलेझमध्येही असंच त्रिकूट शोधत होते. रचना आली आणि सेरीनच्या आसपास हिस्टिडीनचा पत्ताच नाही! मग प्रोटॉन घेतं कोण? सेरीन स्वतःच. ते साखळीचं पहिलं अमिनो आम्ल, म्हणून त्याचा अमिनो गट मोकळा असतो. तोच मोकळा गट, मध्ये पाण्याचा एक रेणू घेऊन, हिस्टिडीनची कामगिरी उरकतो. तीन जणांचं काम एकाच अमिनो आम्लानं केलं. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ते जाहीर करून टाकलं.

यातून पुढचा प्रश्न आपोआप येतो. जिवाणू ही साखळी बनवतो तेव्हा ती अखंड असते. पुढं २६ अमिनो आम्लांचा पत्त्याचा तुकडा, तो तिला जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत पोचवतो आणि गळून पडतो. मग ए साखळी, मग ५४ चा एक जोडतुकडा, मग बी साखळी. एकूण ८४६. म्हणजे सुरुवातीला आपलं सेरीन साखळीच्या अधेमधे कुठंतरी अडकलेलं, अमिनो गट बांधलेला आणि एन्झाइम निष्क्रिय. ते सुरू व्हायचं तर सेरीनच्या अगदी पुढ्यात साखळी तुटायला हवी. तोडायला बाहेरून कुणी येत नाही. घडी पडली की ते सेरीन स्वतःच आपल्या मागचा बंध तोडतं आणि कामाला लागतं. २००० मध्ये याच गटानं एक अमिनो आम्ल बदलून हे तुटणं मुद्दाम मंदावलं आणि अर्धवट अवस्थेतलाच स्फटिक मिळवला. त्यात दिसलं की तो जोडतुकडा सक्रिय जागेच्या खळग्यातच बसलेला असतो. तो हटल्याशिवाय पेनिसिलिनला आत वाट नाही. हे सगळं बीकरच्या बाहेरून कुणाला कळलं असतं?

आता पुणे. एचए १९५४ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिली, ते तुला काकांनी शंभरदा सांगितलं असेल. पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही) पेनिसिलिन ॲसायलेझवर वर्षानुवर्षं काम चालू होतं. १९८९ मध्ये एचएचे शेवाळे आणि एनसीएलचे शिवरामन यांनी मिळून या एन्झाइमवर लिहिलेला आढावा आजही लोक संदर्भाला घेतात. त्या परंपरेतून पुढं एनसीएलचे सुरेश, अर्चना पुंडले, शिवरामन आणि यॉर्कचा गट यांनी एकत्र येऊन बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूच्या पेनिसिलिन-व्ही ॲसायलेझची रचना काढली. १९९९ मध्ये ती छापून आली. दोन्ही ॲसायलेझांच्या अमिनो आम्लांच्या क्रमांत सांगण्यासारखं साम्य नाही. इ. कोलायच्या एन्झाइमच्या दोन साखळ्या, याची एकच, आणि असे चार रेणू एकत्र राहतात. सेरीनच्या जागी सिस्टीन. पण आतली घडी पाहिली तर तीच! साखळीचे एकावर एक तेच थर, सक्रिय अमिनो आम्ल तसंच साखळीच्या अगदी तोंडाशी, आणि सुरुवातीचा तुकडा तसाच तुटून गेलेला. क्रम बदलला तरी चेहरेपट्टी टिकली.

चेहरेपट्टी कळली की नातेवाईक सापडायला लागतात. आपल्या आतड्यातला बायफिडोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू पित्तातल्या क्षारांची एक बाजू तोडून टाकतो. त्याचं एन्झाइम या पेनिसिलिन-व्ही ॲसायलेझचं सख्खं भावंड निघालं. २००६ मधलं ते कामही एनसीएल आणि यॉर्क या दोघांचंच. दूरच्या नात्यात तर आपल्या स्वतःच्या पेशींतलं प्रोटिएसोम येतं, नको असलेल्या प्रोटीनांचे तुकडे करणारं. तिथं साखळीच्या तोंडाशी थ्रिओनीन असतं. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचं बॉर्टेझोमिब नेमकं त्या थ्रिओनीनलाच जाऊन धरतं. पेनिसिलिनचं शेपूट, आतड्यातलं पित्त आणि मायलोमाचं औषध एका वंशावळीत येतील असं रचना बघितल्याशिवाय कुणी म्हटलं असतं, तर त्याला आपण वेड्यात काढलं असतं.

रेवा मात्र म्हणेल, मावशी, ही सगळी ज्ञानाची बात झाली, कारखान्याला काय? सांगते. हे एन्झाइम उलटही चालवता येतं. पाण्यात शेपूट तोडतं, पण योग्य परिस्थितीत आणि योग्य रूपात नवं शेपूट पुढं केलं तर ते जोडूनही देतं. त्यातून ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन बनतात. अडचण अशी, की जोडलेलं शेपूट हे एन्झाइम थोड्या वेळानं परत तोडायला लागतं. पूर्वी यावर नशिबावर हवाला ठेवून हजारो बदल करून बघावे लागले असते. आता कप्प्याच्या भिंतीतली अमिनो आम्लं क्रमांकासकट माहीत होती. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या गटानं बी साखळीतल्या चोविसाव्या जागेवरचं फेनिलॲलॅनिन काढून तिथं छोटं ॲलॅनिन बसवलं, आणि ॲम्पिसिलिन जोडण्याचं काम पुष्कळ सुधारलं. कप्पा बदलला, निकाल बदलला. कारखान्याला एन्झाइम काय करतं ते ठाऊक होतं. ते तसंच का करतं हे कळल्यावर त्याच्याकडून दुसरं काही करून घेता आलं. रेवाला माझं उत्तर एवढंच.

काकांना आणखी एक सांग. स्वस्त चिनी मालापुढं आपल्याकडचं पेनिसिलिन-जीचं उत्पादन बंद पडलं याचा त्यांना किती सल आहे मला माहीत आहे. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झालाय. पिंपरीला नाही, पण देशात तरी परत आलं.

आणि रेवाला गृहपाठ हवा असेल तर हा घे. बिचाऱ्या इ. कोलायला हे एन्झाइम हवं कशाला, यावर अजून एकमत नाही. पेनिसिलिनशी त्याचा संबंध आपण लावला, जिवाणूनं नव्हे. गंमत म्हणजे टाकीत फेनिल ॲसेटिक आम्ल घातलं तर ते जास्त बनतं, आणि तापमान तीसच्या खाली असेल तेव्हाच चांगलं बनतं. सदतीसला, म्हणजे आपल्या आतड्याच्या उबेत, जवळजवळ नाहीच. तेव्हा मातीत, पाण्यात, बाहेर उपाशी भटकताना असल्या आम्लाची शेपटं असलेले रेणू फोडून खाण्यासाठी ते असावं, असा एक कयास आहे. कसं तपासशील म्हणावं, दोन प्रयोग सुचव. चांगले असले तर आमच्या पोरांकडून मी करून घेईन.

गोडा मसाला पुढच्या आठवड्यात माझ्या भाच्याबरोबर पाठवतेय, तो मँचेस्टरला उतरतोय. भाजणी हवी असेल तर बुधवारच्या आत कळव, बॅग भरल्यावर फोन करू नकोस.

तुझी,
शुभा